टायटॅनियम मिश्रधातू आणि शुद्ध चांदी : गुणधर्मांची तुलना कोणत्या क्रमाने करायची

‘टायटॅनियम चांदीपेक्षा किती पट मजबूत?’ या प्रश्नाला कोणी ३ पट म्हणतं, कोणी १६ पट. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. एकाने थंड अवस्थेत ओढून घट्ट केलेली चांदी धरलेली असते, दुसऱ्याने भट्टीतून काढलेली मऊ चांदी. आणि आपण काय धरलं हे दोघांनीही लिहिलेलं नसतं. या दोन धातूंच्या बहुतेक तुलना अशा, गणिताला हात घालण्याआधीच फसलेल्या असतात. म्हणून खाली आकड्यांपेक्षा क्रमाला जास्त जागा दिली आहे. टप्पे वर-खाली करू नका. विशेषतः पहिले तीन उडवून थेट तक्त्याकडे जाऊ नका.

## टप्पा १ : काम एका वाक्यात लिहा

‘कोणता धातू चांगला’ हा प्रश्नच नव्हे. वाक्य असं हवं : ‘अमुक लांबीची पट्टी, तिच्यावर अमुक भार, ती वाकता कामा नये आणि वजन कमीत कमी हवं.’ किंवा : ‘१० अँपिअर प्रवाह नेणारा जोड, तापता कामा नये.’ वाक्य लिहून झालं की कोणते गुणधर्म लागणार ते आपोआप ठरतं. पट्टीला ताठपणा, यील्ड (म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) आणि घनता लागते. जोडाला विद्युत रोधकता, उष्णता वाहकता आणि पृष्ठभागावर काय साचतं याची माहिती.

ताकद, ताठपणा आणि कठीणपणा हे तीन वेगळे गुण आहेत, हे इथेच मनात पक्कं करा. ताठपणा म्हणजे भार असताना वस्तू किती कमी वाकते. ताकद म्हणजे भार काढल्यावर ती मूळ आकारात परत येते की कायमची वाकलेली राहते. कठीणपणा म्हणजे टोकदार वस्तूने दाबलं असता तिच्यावर किती कमी खळगा पडतो. टायटॅनियम मिश्रधातू आणि चांदी यांच्यात ताकदीचा फरक जमीन-अस्मानाचा आहे, ताठपणाचा मात्र दीडपटीच्या आसपासच. ‘मजबूत’ हा एकच शब्द वापरून दोन्ही झाकले, की पुढचं सगळं गणित गढूळ होतं.

तपासा : तुमच्या वाक्यात भार, प्रवाह, तापमान किंवा वातावरण यांपैकी निदान एक गोष्ट आहे का? नसेल तर वाक्य अजून झालेलं नाही.

## टप्पा २ : धातूची ओळख पक्की करा

‘टायटॅनियम’ एवढं पुरत नाही. व्यापारी दृष्ट्या शुद्ध टायटॅनियम आणि त्याचे मिश्रधातू यांच्या ताकदीत मोठी दरी आहे. सगळ्यांत जास्त वापरला जातो तो ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला ‘सिक्स-फोर’. हे आकडे नाममात्र आहेत. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमला ५.५ ते ६.७५ टक्के आणि व्हॅनेडियमला ३.५ ते ४.५ टक्के एवढी मुभा असते. ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के. याच मिश्रधातूचा ग्रेड २३ हा प्रकार मिळतो, त्यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांच्या आत ठेवतात. तो थोडा कमी ताकदीचा, पण तडा पसरण्याला जास्त दाद न देणारा असतो. टेस्ट सर्टिफिकेटवर ऑक्सिजनचा आकडा आवर्जून बघा. टायटॅनियममध्ये शतांश टक्क्यांचा ऑक्सिजनही ताकद आणि लवचीकपणा बदलतो.

चांदीच्या बाबतीत घोळ उलटा होतो. ‘शुद्ध’ म्हणून हातात येते ती कित्येकदा ९२.५ टक्क्यांची, म्हणजे तांबं मिसळलेली स्टर्लिंग चांदी. तांब्यामुळे ती बरीच कठीण होते आणि तिची वाहकता घटते. या लेखातली चांदी म्हणजे ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध.

खबरदारी : चुंबक लावून काहीच कळत नाही. दोन्ही धातू चुंबकाला चिकटत नाहीत. रंगावरही विसंबू नका, मुलामा दिलेली वस्तू सहज फसवते.

## टप्पा ३ : अवस्था लिहा, नाहीतर थांबा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं.

शुद्ध चांदी मऊ अवस्थेत, म्हणजे तापवून ॲनील केलेली असेल, तर साधारण ५४ मेगापास्कल ताणाला कायमची वाकायला लागते. तीच चांदी थंड अवस्थेत लाटली किंवा तारेसारखी ओढली, की ही मर्यादा ३०० मेगापास्कलच्या आसपास जाते. धातू तोच आणि शुद्धताही तीच, पण आकडा पाच-साडेपाच पट. सिक्स-फोर टायटॅनियम ॲनील अवस्थेत सुमारे ८८० मेगापास्कलला यील्ड होतं. आता भागाकार करा : ८८० ÷ ५४ म्हणजे १६, ८८० ÷ ३०० म्हणजे जेमतेम ३. सुरुवातीचे ते दोन आकडे इथून आले.

टायटॅनियमलाही अवस्था असतात. ॲनील केलेलं, तापवून झटक्यात थंड करून मग वय दिलेलं (म्हणजे मध्यम तापमानाला काही तास धरून घट्ट केलेलं), पावडर वितळवून थरावर थर रचून छापलेलं. वय दिलेल्या सिक्स-फोरची यील्ड १,१०० मेगापास्कलपर्यंत नेता येते. छापलेला तुकडा, त्याच्यावर नंतर उष्णता-प्रक्रिया झाली नसेल तर, ताकदीला जास्त पण ताणून लांबायला कमी असतो. शिवाय आत बारीक पोकळ्या राहिल्या असतील तर वारंवार भार आल्यावर तो आधी तुटतो. तक्त्यात नुसतं ‘ग्रेड ५’ लिहिलं असेल तर तो आकडा यांतल्या कशाचा, हे सांगता येत नाही.

चांदीची आणखी एक खोड ध्यानात ठेवा. अतिशय शुद्ध आणि जबर ठोकलेली चांदी खोलीच्या साध्या तापमानालाही काळ जाईल तशी मऊ पडू शकते. कपाटात वर्षभर ठेवलेल्या तारेला जुन्या सर्टिफिकेटवरची ताकद लावू नका, पुन्हा मोजा.

तपासा : प्रत्येक आकड्याशेजारी तीन शब्द हवेत : ग्रेड, अवस्था, तापमान. यातला एकही नसेल तर तो आकडा वापरू नका, कितीही सोयीचा असला तरी.

## टप्पा ४ : आकडे गोळा करा आणि एककं एक करा

खालचे आकडे दोन्ही धातूंच्या ॲनील अवस्थेचे आणि खोलीच्या तापमानाचे आहेत. हे नेहमीचे मध्यम आकडे आहेत. खरेदीच्या कागदावर लिहायच्या किमान मर्यादा याहून कमी असतात, उदाहरणार्थ ग्रेड ५ ची किमान यील्ड ८२८ मेगापास्कल.

| गुणधर्म | सिक्स-फोर टायटॅनियम | शुद्ध चांदी |
|---|---|---|
| घनता, ग्रॅम/घन सेंमी | ४.४३ | १०.४९ |
| यंग गुणांक (ताठपणाचं माप), गिगापास्कल | ११४ | ७६ ते ८३ |
| यील्ड, मेगापास्कल | ८८० | ५४ |
| व्हिकर्स कठीणपणा | सुमारे ३५० | सुमारे २५ |
| तुटेपर्यंत लांबवाढ, टक्के | १० ते १४ | ५० च्या आसपास |
| उष्णता वाहकता, वॅट/मीटर-केल्विन | ६.७ | ४२९ |
| विशिष्ट उष्मा, ज्यूल/किलो-केल्विन | ५२६ | २३५ |
| प्रसरण गुणांक, मायक्रोमीटर/मीटर-केल्विन | ८.६ | १८.९ |
| विद्युत रोधकता, मायक्रोओहम-सेंमी | १७८ | १.५९ |
| वितळणबिंदू, अंश सेल्सिअस | १६०४ ते १६६० | ९६१.८ |

चांदीच्या यंग गुणांकात ७६ ते ८३ असा पल्ला का, असा प्रश्न पडेल. चांदीच्या एकाच स्फटिकात दिशा बदलली की हा गुणांक ४३ पासून १२१ गिगापास्कलपर्यंत बदलतो. पट्टी लाटताना स्फटिक एका दिशेला झुकतात आणि मोजलेला आकडाही त्याप्रमाणे हलतो. लाटलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यातही आडव्या-उभ्या दिशेचा फरक पडतो, चांदीइतका नाही. तेव्हा दोन पुस्तकांत वेगळे आकडे दिसले म्हणून लगेच एकाला खोटं ठरवू नका.

एककांच्या दोन सापळ्यांपासून मात्र जपा.

पहिला सापळा रोधकतेचा. काही तक्ते टायटॅनियमची रोधकता मायक्रोओहम-मीटरमध्ये देतात, तिथे १.७८ लिहिलेलं असतं. चांदीची मायक्रोओहम-सेंटिमीटरमध्ये असते, तिथे १.५९. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाटतं, अरे, टायटॅनियम तर चांदीइतकंच वीजवाहक आहे! प्रत्यक्षात फरक ११२ पट.

दुसरा सापळा प्रसरणाचा. फॅरनहाइटवर आधारलेल्या तक्त्यात टायटॅनियमचा आकडा ४.८ असतो. तो तसाच उचलून चांदीच्या १८.९ शी ताडला तर चांदी चौपट प्रसरण पावते असं दिसतं. १.८ ने गुणलं की ८.६ मिळतो आणि खरं प्रमाण २.२ पट निघतं. ताणाच्या आकड्यांतही हेच : तक्ता केएसआयमध्ये (हजार पौंड प्रति चौरस इंच) असेल तर ६.८९५ ने गुणल्याशिवाय मेगापास्कल होत नाहीत.

## टप्पा ५ : गोळा केलेले आकडे एकमेकांकडून तपासून घ्या

धातूंची उष्णता आणि वीज मुख्यतः तेच इलेक्ट्रॉन वाहून नेतात, त्यामुळे दोन वाहकतांचं नातं बांधलेलं असतं. उष्णता वाहकतेला रोधकतेने (मायक्रोओहम-सेंमीमध्ये) गुणा आणि केल्विनमधल्या तापमानाने भागा. उत्तर २.४४ च्या आसपास यायला हवं.

चांदी : ४२९ × १.५९ ÷ २९३ = २.३३. बरोबर.

टायटॅनियम : ६.७ × १७८ ÷ २९३ = ४.०७. हे जास्त आहे, पण कारण ठाऊक आहे. मिश्रधातूतले परके अणू इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात, त्यामुळे जाळीच्या कंपनांतून जाणाऱ्या उष्णतेचा वाटा नजरेत भरण्याइतका मोठा होतो. दोनच्या खाली उत्तर आलं तर मात्र कान टवकारा. वरच्या सापळ्यातला १.७८ घालून पाहा : उत्तर ०.०४ येतं. एवढं बेहिशेबी उत्तर म्हणजे एकक चुकलं, दुसरं काही नाही.

हा पडताळा दोन मिनिटांचा आहे. तक्ता कितीही नामांकित असो, मी तो केल्याशिवाय पुढे जात नाही आणि कोणी जाऊही नये.

## टप्पा ६ : स्वतः मोजायचं असेल तर

आकडे पुस्तकातून घेणार असाल तर थेट टप्पा ७ वर जा. हातात तुकडे असतील तर खालचा क्रम पाळा. आधी ज्या चाचण्यांत तुकडा बिघडत नाही त्या, शेवटी तोडण्याची.

घनता. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला. २० ग्रॅम शुद्ध चांदी २५ अंशांच्या पाण्यात १.९० ग्रॅमने हलकी भरते, तेवढंच सिक्स-फोर टायटॅनियम ४.५० ग्रॅमने. शत्रू एकच : चिकटलेले बुडबुडे. चांदीच्या त्या तुकड्यावर ०.०२ घन सेंमीचा, म्हणजे बारीक मण्याएवढा बुडबुडा राहिला तरी घनता १०.४९ ऐवजी १०.३८ निघते. ही जवळजवळ स्टर्लिंग चांदीची घनता झाली, म्हणजे अस्सल माल तुम्ही हिणकस ठरवाल. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, तुकडा मऊ ब्रशने पुसून बुडवा आणि तीनदा तोला.

रोधकता. साधा मल्टिमीटर इथे कुचकामी आहे. १०० मिमी लांब आणि १ चौरस मिमी छेदाच्या चांदीच्या तारेचा रोध १.५९ मिलिओहम, तर मल्टिमीटरच्या दोन टोकांचा आणि वायरींचा रोधच त्याहून कितीतरी जास्त. म्हणून चार वायरींची पद्धत वापरा. दोन बाहेरच्या वायरींतून प्रवाह सोडायचा आणि दोन आतल्यांतून व्होल्टेज मोजायचं. मग प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या, म्हणजे जोडांवर तापमानामुळे तयार होणारं व्होल्टेज वजा होतं. तारेचं तापमान लिहायला विसरू नका. चांदीचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३८ टक्के वाढतो. १० अंशांची हयगय म्हणजे जवळजवळ ४ टक्के चूक.

कठीणपणा. रॉकवेलचं सी मापन टायटॅनियमला चालतं, तिथे साधारण ३६ येतं. चांदी त्या मापनात बसतच नाही. दोघांना एकाच मापात आणायचं तर व्हिकर्स घ्या. त्यातही भार विचारपूर्वक निवडा. ५ किलो भाराला टायटॅनियमवरच्या खुणेचा कर्ण ०.१६ मिमी भरतो, मऊ चांदीवर ०.६१ मिमी. तुकडा कर्णाच्या निदान दीडपट जाड हवा, म्हणजे चांदीला ०.९ मिमीच्या वर. अर्ध्या मिमीच्या पट्टीवर ५ किलोने दाबलंत तर मोजताय ती चांदी राहत नाही, खालची बैठकही त्यात येते. १ किलोवर उतरा. मग कर्ण ०.२७ मिमी येतो आणि पट्टी चालते.

खबरदारी : कठीणपणावरून ताकद काढायचे छापील तक्ते पोलादासाठी बनवलेले असतात. या दोन्ही धातूंना ते लागू नाहीत.

ताण-चाचणी. खरी गोची चांदीच्या यंग गुणांकात आहे. २५ मिमी मापाच्या लांबीवर मऊ चांदी फक्त ०.०१६ मिमी लांबेपर्यंत स्थितिस्थापक वागते, टायटॅनियमला ०.१९ मिमीपर्यंत वाव असतो. मशीनच्या जबड्यांची हालचाल हीच लांबवाढ धरली, तर पकडीतली घसरण आणि चौकटीचं वाकणं त्या ०.०१६ मिमीला गिळून टाकतं. लांबवाढ मोजणारं एक्स्टेन्सोमीटर तुकड्यावरच लावा. आणि खरं सांगायचं तर चांदीचा गुणांक ताण-चाचणीतून काढूच नका. तुकड्यातून ध्वनिलहर पाठवून किंवा त्याची कंपनसंख्या मोजून काढलेला आकडा कितीतरी भरवशाचा असतो.

यील्डही ओळखायला अवघड, कारण दोन्ही धातूंच्या ताण-लांबवाढीच्या आलेखात ठळक मोड नसतो. त्यामुळे ०.२ टक्के कायमच्या लांबवाढीची रेघ मारून यील्ड ठरवतात. पण २५ मिमीवर ०.२ टक्के म्हणजे ०.०५ मिमी, म्हणजे चांदीच्या एकूण स्थितिस्थापक पल्ल्याच्या तिप्पट. दोन्ही धातूंना एकच ०.२ ची रेघ लावा आणि तसं अहवालात लिहा. एकाला ०.२ आणि दुसऱ्याला ०.१ लावून तुलना केलेली दिसली तर ती बाजूला ठेवा.

टायटॅनियमचे नमुने कापताना धार तापते, कारण धातू उष्णता बाहेर नेत नाही. बोथट हत्याराने घासत कापलेल्या नमुन्याच्या कातडीत ताण अडकून राहतात. नमुना उघड्या हवेत तापवलेला असेल तर पृष्ठभागावर ऑक्सिजन शोषलेला कडक, ठिसूळ थर असतो. तो काढल्याशिवाय चाचणी घेतली तर लांबवाढीचा आकडा पडलेला दिसेल आणि दोष धातूला लागेल.

## टप्पा ७ : आकडे कामाला लावा

आता पहिल्या टप्प्यातलं वाक्य पुन्हा समोर घ्या. नुसत्या गुणधर्माची तुलना फारशी उपयोगी नसते. ‘एवढ्या वजनाला किती’ किंवा ‘एवढ्या आकारमानाला किती’ हे विचारावं लागतं, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

वजन महत्त्वाचं असेल तर घनतेने भागा. यील्ड भागिले घनता : टायटॅनियम १९९, मऊ चांदी ५. म्हणजे १६ पटींचा फरक वजनाच्या हिशेबात ३९ पट झाला. यंग गुणांक भागिले घनता : २५.७ विरुद्ध सुमारे ७.९.

वाहक तारेचं गणित याच्या उलट जातं. १ मीटर लांब, १ चौरस मिमी छेदाची तार घ्या आणि १० अँपिअर सोडा. चांदीत १.५९ वॅट उष्णता निर्माण होते, टायटॅनियममध्ये १७८ वॅट. पहिली तार कोमट होईल, दुसरी लालबुंद होण्याच्या वाटेला लागेल. टायटॅनियमने चांदीइतकाच रोध द्यायचा तर त्याचा छेद ११२ पट हवा. टायटॅनियम हलकं असूनही तार ४७ पट जड भरते.

आता सगळ्यांत जास्त फसवणारं उदाहरण, उष्णता साठवण्याचं. किलोमागे विशिष्ट उष्मा बघितला तर टायटॅनियम चांदीच्या सव्वादोन पट उष्णता धरून ठेवतं. पण जागा ठरलेली असेल, म्हणजे भाग तेवढ्याच आकाराचा करायचा असेल, तर घनतेने गुणावं लागतं. टायटॅनियम : ४४३० × ५२६, म्हणजे घनमीटरला केल्विनमागे २३.३ लाख ज्यूल. चांदी : १०४९० × २३५, म्हणजे २४.७ लाख. फरक जवळजवळ शून्य, झुकतं माप उलट चांदीला! एकाच आकाराचे दोन ठोकळे सारखीच उष्णता साठवतात. फक्त चांदीचा ठोकळा ती साठ पट वेगाने आतपर्यंत पसरवतो. हा वेग पाहायचा तर वाहकतेला त्या गुणाकाराने भागा : चांदी सेकंदाला १७४ चौरस मिमी, टायटॅनियम २.९.

तपासा : तुमच्या कामात वजन ठरलेलं आहे, आकार ठरलेला आहे, की यातलं काहीच नाही? याचं उत्तर न देता कोणत्याही गुणोत्तरावर निर्णय घेऊ नका.

## टप्पा ८ : तापमानाची अट लावा

खोलीच्या तापमानाचा निकाल गरम जागी तसाच राहत नाही. ठोकताळा म्हणून कामाचं तापमान केल्विनमध्ये घ्या आणि केल्विनमधल्या वितळणबिंदूने भागा. उत्तर ०.४ च्या जवळ गेलं की बहुतेक धातू सततच्या भाराखाली हळूहळू सरकू लागतात. २०० अंश सेल्सिअसला चांदीचं उत्तर ०.३८, टायटॅनियमचं ०.२५. म्हणजे चांदी तिथेच काठावर आलेली असते, आणि ठोकून कमावलेली तिची ताकदही त्या तापमानाला निघून जाते.

टायटॅनियमच्या बाबतीत मात्र या ठोकताळ्यावर भुलू नका. वितळणबिंदू १६०० च्या वर आहे म्हणून ते हजार अंशांना टिकेल असं नाही. सिक्स-फोर साधारण ३५० ते ४०० अंशांपर्यंतच वापरतात. त्याच्या बऱ्याच वर ते हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होत जातं, आणि ९९५ अंशांच्या आसपास त्याची अंतर्गत स्फटिकरचनाच बदलते. आणखी एक : तापमान वाढलं की टायटॅनियम मिश्रधातूची उष्णता वाहकता वाढते, चांदीची किंचित घटते. तक्त्यातून निघणारं ६४ पटींचं प्रमाण (४२९ ÷ ६.७) खोलीच्या तापमानापुरतंच खरं.

## टप्पा ९ : वातावरण बघा

इथे आकडे फारसे मदत करत नाहीत, यादी करते. टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि तोच त्याचं चिलखत. समुद्राच्या पाण्यात ते उत्तम टिकतं, हायड्रोफ्लोरिक आम्लात मात्र झपाट्याने झिजतं. चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही, पण हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने काळवंडते आणि नायट्रिक आम्लात विरघळते. उलट, वितळलेल्या तीव्र अल्कलीसमोर चांदी टिकते. तिथे टायटॅनियम चालत नाही.

काळवंडणं हा केवळ दिसण्याचा प्रश्न समजू नका. हलक्या दाबाच्या विद्युत संपर्कात सल्फाइडचा थर रोध वाढवतो, आणि परावर्तकाच्या कामात तर तो सगळं बिघडवतो.

## टप्पा १० : दोन्ही धातू एकाच भागात येणार असतील तर

तुलना करता करता ‘ताकद टायटॅनियमची, वाहकता चांदीची’ म्हणून मुलामा देण्याचा विचार हमखास निघतो. विचार वाईट नाही, पण आधी एक गणित करा. प्रसरणातला फरक १०.३ मायक्रोमीटर प्रति मीटर-केल्विन. तापमान १०० अंशांनी बदललं तर पातळ थरात ०.१०३ टक्के विकृती (लांबीतला सक्तीचा बदल) येते. तिला ८३ गिगापास्कलने गुणा आणि थर दोन्ही दिशांना बांधलेला असल्यामुळे ०.६३ ने भागा : सुमारे १३६ मेगापास्कल. मऊ चांदी ५४ लाच यील्ड होते. म्हणजे दर वेळी तापताना आणि निवताना थर कायमचा ताणला आणि दाबला जाणार. अशा फेऱ्या किती होणार ते मोजा. मोजक्या असतील तर चांदीचा मऊपणा सांभाळून घेतो, रोजच्या असतील तर थर सुटण्याची चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुलामा थेट बसतही नाही. टायटॅनियम घासून स्वच्छ केलं की क्षणात पुन्हा ऑक्साइड धरतं. म्हणून रासायनिक प्रक्रियेने पृष्ठभाग जागा करून, बहुधा मध्ये निकेलचा पातळ थर देऊन, मग चांदी चढवतात. चिकटपट्टी लावून खेचा आणि तुकडा वाकवून बघा. दोन्हींत थर टिकला तरच पुढची चाचणी.

खबरदारी : तापणाऱ्या आणि ताणाखाली असणाऱ्या टायटॅनियमच्या भागांवर चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट किंवा वॉशर वापरू नका. उष्णता, ताण आणि चांदीचा संपर्क हे तिन्ही एकत्र आले की टायटॅनियम मिश्रधातूला तडे जाऊ शकतात. थंड राहणाऱ्या विद्युत जोडाला हा धोका लागू नाही, म्हणून आराखड्यावर त्या जागेचं कमाल तापमान लिहून ठेवा, आणि ते बदललं तर मुलाम्याचा निर्णय पुन्हा तपासा.